पोरीच्या घरचं पाणी

इवाई उदेभान, म्हणजे माझ्या सुनेचा, रुख्माचा बाप, दर उन्हाळ्यात टरबुजं घेऊन येतात. मिशीवर हात फिरवून म्हणतात, "खाऊन पाहा ईहीनबाई, शक्कर आहे शक्कर!" शक्कर राहणारच. माती आमची आहे! वरून थाट असा, की पोरीच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाहीत. आपला तांब्या आपल्यासंगं.

त्यांचं गाव बाघ नदीच्या पल्याड, आमचं अल्याड. काही वर्षांमागं त्यांनी नदीत लाकडाच्या बल्ल्या ठोकून बांबूचा कूड घातला. गाळ त्यांच्या काठाला अडला, त्यातच त्यांची टरबुजं पिकतात; धार आमच्याकडे वळली. पहिल्या पुरात आमचा धुरा, शेताचा बांध गेला, मग धानाची एक बांधी, मग दुसरी. यंदा काठावरचं मोहाचं झाड मुळासकट गेलं. आता नदी आणि गोठ्याच्या मधात एकच बांधी उरली. तिच्याच धानावर घर जेवतं.

आणि दिवाळी झाली की तो कूड दुरुस्त करायला कोण जातो? माझा मनिराम! "सासऱ्यानं बोलावलं, माय. नाही कसा म्हनू?" खांद्यावर बांबू, तेही आमच्याच बेटातले.

यंदा मी लुगडं खोचलं आणि त्याच्या मागोमाग नदी ओलांडली. पाहते तर कुडाच्या तोंडाशी माझं मोहाचं झाड आडवं टाकलेलं! बैल बांधायची कडी अजून बुंध्यात रुतलेली.

"हे काय, इवाई?"

"वाहून आलं," इवाई हसले. "नदीची मर्जी, ईहीनबाई. तिले कोन अडवते?"

"तुमीच तं अडवून राहिले! काढा हा कूड."

"माय, चार लोकांत..." मनिराम पुटपुटला.

"तू चूप. बांबू खाली ठेव."

त्यानं आधी सासऱ्याकडे पाहिलं. बांबू खांद्यावरच राहिले. माझ्या पोटचा पोरगा!

"गरम काऊन होता?" इवाई म्हणाले. "यंदा दोन टरबुजं जास्त धाडतो."

तिथंच, कूड बांधणाऱ्या सगळ्या गड्यांसमोर, मी बोलले, "टरबुजं राहू द्या. मी म्हातारी, माह्यं काय जाते? पन थे बांधी गेली तं तुमची रुख्मा अन् तिची लेकरं काय खातीन? पोरीच्या घरचं पानी नाही पीत म्हनता न, इवाई? तिच्या घरची जमीन तं पुरी खाऊन राहिले!"