पायांवरची अंघोळ

बोरिवली-दहिसरमधली तीनशे तरी बाळं मी पायांवर घेऊन न्हाऊ घातली असतील. त्यातलं एकही आज रस्त्यात ओळख देणार नाही. द्यावी तरी का म्हणा!

करोनापासून घरोघरी एकच धोशा, "मालनबाई, आधी जंतुनाशकाने हात धुवा." ते बादलीभर पाण्यात झाकणभरच घालायचं असतं. मी शहाणी ते तसंच हातावर ओतायची. जळजळलं म्हणजे लागू पडलं, हे माझं गणित. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग तळवे कोरडे पडून चिरा गेल्या. त्यावर लिंबू चोळलं. अक्कल गहाण, दुसरं काय!

चारकोपच्या डॉक्टर गार्गींनी हात उलटसुलट करून पाहिले.

"ही लागण नाही, मावशी. तुमच्या कातडीला ते जंतुनाशक आणि सारखं साबणपाणी सोसत नाहीये. ते बंद, लिंबूही बंद. हात टिपले की लगेच हे मलम लावायचं. आणि तीन महिने ओलं काम नाही."

माझ्या रुचिराला तेव्हा सहावा संपत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे, दहिसरला. मी बोटं मोजली, बरोब्बर जमत होतं. जन्मभर लोकांची पोरं न्हाऊ घातली, आता लेकीचं लेकरू माझ्या हातून न्हाणार. याहून देवाकडे मला काही मागायचं नव्हतं.

पंधरा दिवसांत चिरा मिटायला लागल्या. तेवढ्यात शुभाताईंचा फोन आला. सुनेला जुळं झालं होतं.

"मालन, आमचा मुकुल तुझ्या हातचा. त्याची पोरं दुसरीच्या हाती देऊ का गं?"

झालं, मी हुरळले. फक्त एवढं एकच घर, म्हटलं. सकाळी मलम लावायचं आणि दहाला त्यांच्याकडे धुऊन टाकायचं. रुचिरासमोर हात पदराखाली.

तिला मुलगी झाली. घरी आणल्यावर मी तेल कोमट केलं, पाटावर पाय लांब करून बसले. रुचिराने माझे तळवे पाहिले.

"आई, हे काय गं? बरं झालं म्हणालीस ना!"

"लागण नाहीये. डॉक्टर म्हणाल्या."

"नसेल गं, पण खरखर बघ किती! ओरखडे उठतील तिला."

मी मांडीवरच्या दुपट्यावरून हात फिरवून बघितला. बोटांना अडकून धागे वर आले. मग मीच नलिनीला फोन केला. हे काम तिला मीच शिकवलं होतं.

नलिनी आली, मला बघून चुळबुळली.

"काकी, पायांवर तूच घे. मी हात चालवते."

नात माझ्या नडग्यांवर निजली. इवलीशी पाठ, ऊबदार. हीच पाठ मला चोळायची होती. डोक्यावर पाणी पडलं तशी ती कळवळून रडली, आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

"आई, हात!" रुचिरा ओरडली.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. नलिनीने पोरीच्या छातीवर तळवा ठेवला, हलकेच थोपटलं, कानाशी हुंकार दिला. मी शिकवलं होतं अगदी तसंच. पोर गप्प झाली.