गाडीला कौल, सुनेला मागचं दार

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की ती टाकवत नाही आणि वापरवतही नाही. कुणाकडे तडा गेलेलं जातं असतं, कुणाकडे मुका झालेला रेडिओ. कराडजवळच्या एका गावात लीलाबाईंच्या घरी ती वस्तू म्हणजे गोठ्यात, म्हशीच्या पलीकडे, पोत्यांखाली झाकलेली मोडकी फटफटी होती.

फटफटी थोरल्या मुलाची, अर्जुनाची. बाहत्तरचा दुष्काळ सरून ऊस पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यानं हौसेनं घेतलेली. गेल्या गळीत हंगामात तो कारखान्यावरून अंधाराचा घरी येत होता. पुढं उसानं भरलेली बैलगाडी चालली होती. तिच्यामागं ना कंदील, ना लाल फडकं. अर्जुना तिच्यावर आदळला आणि जागच्या जागी गेला. गाडीवान चावडीत सगळ्यांपुढं ढसाढसा रडला, "कंदील लावला नव्हता, माजं चुकलं," म्हणाला. म्हणजे कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण वाचकहो, ठाऊक असलेल्या कारणावर आपलं समाधान होत नाही! माणसं नदीवरून परत यायच्या आत ओट्यावर कुजबुज सुरू झाली, "लग्नाला दोन वर्सं न्हाईत. पांढऱ्या पायाची हाय पोरगी."

ही पोरगी म्हणजे अर्जुनाची बायको, विजयमाला.

तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि माघारी कुणी नाकारलंही नाही. कुणी कामाला निघालं की ती आपणहून आत सरकायची. हळदीकुंकवाला बायका जमल्या की चुलीपुढं बसायची. जायचं-यायचं मागच्या दारानं. हे सगळं तिनं इतक्या मुकाट्यानं अंगवळणी पाडलं, की घरातल्यांना वाटायला लागलं, तिचा स्वभावच तसा आहे.

धाकटा भाऊसो एकदा नांगराचा फाळ करून आणायला कराडला गेला आणि तिथं इलियास मिस्त्रीच्या गॅरेजपुढं थबकला. इलियासनं मिलिटरीच्या लिलावातल्या एका सांगाड्यातून नवीच गाडी उभी केली होती. एका गाडीची टाकी, दुसरीचं इंजन, आणि हँडल तर बैलाच्या शिंगांसारखं उंच! भाऊसोची तहानभूक हरपली. घरी येऊन त्यानं पोती बाजूला केली आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं चित्र काढलं. म्हैस बिचारी रवंथ करत बघत राहिली.

मग इलियासनं येऊन पाहिलं. "चेसिस सरळ हाय. म्होरल्या चाकाचा फोर्क तेवढा वाकलाय," तो म्हणाला. "इंजनाला तर काय बी झालं न्हाई. पंचक्रोशीत न्हाई अशी गाडी करून देतो, भाऊसो. पर घरच्यांस्नी इचारून सांग."

इथून विचारणं सुरू झालं.

लीलाबाई ऐकताक्षणी कडाडल्या, "त्या अवदसेनं माजा ल्योक गिळला! ती परत रस्त्यावर आणतूस? तुला बी गिळू दे म्हंतूस?"

"आये, लोखंडाला काय कळतंय?" भाऊसो म्हणाला. "गाडीनं काय केलं? बिनकंदिलाची बैलगाडी म्होरं हुती, त्यात गाडीचा काय दोष? गुन्हा एकाचा आन् सजा दुसऱ्याला?"

किती नेमकं बोलला! पुढचे चार दिवस त्यानं हाच मुद्दा जेवताना, धार काढताना, पाटाचं पाणी धरताना आईच्या कानी घातला. विजयमाला ताटात भाकरी वाढत होती, तेव्हा तिच्यासमोरही मांडला. तिच्या हातातली भाकरी एकदा क्षणभर थांबली. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी लीलाबाई म्हणाल्या, "देवाला कौल लावू. देव म्हणंल तसं."

आमच्या भागात असं आहे. विहीर खणायची, सोयरीक करायची, म्हैस विकायची, तर गुरव देवाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सिद्धू गुरवानं पाकळ्या लावल्या. डावी त्यानं जरा जास्त भक्तिभावानं दाबली असं म्हणतात, कारण भाऊसोनं त्याला फटफटीवरून वाईचा घाट दाखवायचं कबूल केलं होतं. ते काही असो, उजवी पडली. देव हो म्हणाला.

राहता राहिला चुलता, नाथाजी. अर्जुनाचा बाप फौजेत असतानाच वारलेला, तेव्हापासून घरात शेवटचा शब्द नाथाजीचा. तो सोप्यात मांडी घालून म्हणाला, "देव हो म्हंतोय तर करा. नारळ-लिंबू उतरून टाका, दसऱ्याला म्होरल्या दारात पूजा करा. पर एक करा, वैनी. तवर त्या पोरीला फलटणला भावाकडं धाडा. नव्या गाडीवर तिची सावली नगं. आन् मागनं तरी कशाला आणायची? तितंच ऱ्हाऊ दे की. तिचं ती बघंल."

फलटणला विजयमालाचा भाऊ होता, आणि त्याची बायको नणंदेला दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी पाणीही विचारत नव्हती. हे सोप्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. लीलाबाईंनी मान खाली घातली. "बघू," म्हणाल्या. आपल्याकडं बघू म्हणजे हो.

आणि भाऊसो? कॉलेज अर्धं सोडून घरी बसला, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं, एकट्या वहिनीनं ताट वाढून पाठीवर हात ठेवला होता. तो काही बोलला नाही. चार दिवसांचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हे त्याला कळत होतं. पण डोळ्यांपुढं उंच हँडल होतं!

दसरा जवळ आला. इलियास टेंपो घेऊन सांगाडा न्यायला आला. बरोबर त्याची आई, चांदबी, बांगड्यांची पेटी घेऊन. सणाच्या आधी ती या गावात यायचीच. ओटीवर शेजारणी जमल्या.

"हात ढिला सोड गं, रंगुबाई! जात्याचा खुटा धरल्यागत काय आवळलाईस?" चांदबीनं एकीचा हात दाबत म्हटलं. "दादल्याला मारतानाच आवळ."

बायका हसल्या. हसता हसता चांदबीला आत ट्रंकेचा आवाज आला. "कोण निघालं गावाला?"

शेजारणी आपापल्या बांगड्या बघू लागल्या. मग रंगुबाईच म्हणाली, "विजयमाला. गाडी हुतीया न्हवं नवी. कौल मिळालाय. म्हून तिला म्हायेरी..."

चांदबीनं बांगडी पेटीत परत ठेवली.

"आक्का," ती लीलाबाईंना म्हणाली, "ह्या गाडीवर तुमचा राग हुता न्हवं? कसा गेला?"

"भाऊसोनं समजावलं," लीलाबाई म्हणाल्या. "लोखंडाचा काय दोष, म्हणाला. कंदील न्हवता म्हून झालं."

"बराबर हाय. मग पोरीचा काय दोष?"

रंगुबाई हातातल्या बांगड्या उगीच मागंपुढं करू लागली.

"न्हाई, मला अडाणी बाईला कुणीतरी सांगा," चांदबी म्हणाली. "ज्या लोखंडावर तुमचा ल्योक मेला, त्याला हळदकुंकू लावून म्होरल्या दारानं घरात घ्यायचं. आन् त्या दिवशी जी घरात भाकरी थापत बसलीती, तिला मागल्या दारानं भाईर काढायचं. ह्यो कुठला न्याव, आक्का?"

नाथाजी सोप्यातून म्हणाला, "चांदबी, आमच्या घरच्या रीतीत तू पडू नगं."

"न्हाई पडत, दादा. पर तुमची रीत मी ह्या डोळ्यांनी बघितलीया." ती लीलाबाईंकडं वळली, आवाज मऊ झाला. "अर्जुनाच्या लग्नात मी बांगड्या भराय आलती. पोटच्या पोरावर अक्षता पडत हुत्या आन् तुमी दाराआड हुता, तोंडात पदराचा बोळा घालून. रांडावलेल्या बाईची सावली नगं म्हून! मी बघितलं, आक्का. तवा तुमच्या पायात काय खोट हुती?"

लीलाबाईंच्या डोळ्यांपुढं ते लग्न आलं. दाराची ती फट, तिच्यातून दिसलेलं मुंडावळ्यांचं टोक... तोच दरवाजा आपण सुनेवर लावत होतो!

पण खरा घाव बसला तो भाऊसोला. तो टेंपोशी दोर घेऊन उभा होता. चांदबीचा मुद्दा त्याचाच होता, शब्दही बहुतेक त्याचेच. लोखंडाची बाजू मांडायला आपण घसा सुकवला, आणि माणसासाठी आपल्याला एक शब्द सुचला नाही! आईकडं बघवेना, इलियासकडं बघवेना. त्यानं दोर खाली टाकला.

"मिस्त्री, देव झाला, काका झाला, गुरव झाला," तो पुटपुटला. "वैनीला इचारायचंच राहिलं."

तो मागच्या दारी गेला. विजयमाला पायरीवर ट्रंक ठेवून उभी होती. एसटी चुकू नये म्हणून तिनं आधीच डोक्यावर पदर घेतला होता.

"वैनी... गाडी करू का नगं?"

तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. आपल्याला काय वाटतं हे शोधायची तिची सवयच गेली होती.

"खरं सांगू, भावजी?"

"खरं सांगा."

"करू नगा."

"अपशकुन म्हून?"

"छ्या!" ती म्हणाली. "मला तिचा आवाज वळकू येतो. ओढ्याच्या वळणावर आली की मी चुलीवरचं पाणी उतरवायची, त्यांच्या पायावर घालाय. तुमी टाकी बदलशीला, हँडल बदलशीला. आवाज त्योच ऱ्हाईल. रोज सांजच्याला मी तांब्या घिऊन उठीन... आन् गाडीवरनं तुमी उतरशीला."

भाऊसोच्या मागं येऊन उभा राहिलेला इलियास हळूच म्हणाला, "बराबर हाय. आवाज इंजनाचाच असतो."

शकुन-अपशकुनाची एवढी चर्चा झाली, देवाला कामाला लावलं, आणि ही एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती! येणार कशी? ती जिच्या डोक्यात होती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई करायची, मिस्त्री," भाऊसो म्हणाला. सोपं नव्हतं; हौस मोठी होती, खोटं कशाला सांगू? "सुटं सुटं करा आन् घिऊन जावा. इंजन ह्या वाटंला येणाऱ्या गाडीत घालू नगा."

हे कानावर पडताच सोप्यात नाथाजी उठला. "आरं पर देवानं कौल दिलाय!"

"देवानं गाडीचा दिला, भावजी," लीलाबाई म्हणाल्या. दिराशी इतक्या मोठ्यानं त्या जन्मात पहिल्यांदा बोलल्या. "सुनंला घालवा असं देव कवा बोलला? ती जोड तुमची! आन् मी मान डोलावली, ती माजी! पोरगी कुटं जाणार न्हाई. ज्याला सावली नगं असंल त्यानं उनात बसावं!"

रंगुबाई फिस्सकन हसली आणि मग पदरानं डोळे टिपू लागली. त्या कुजबुजीत तीही होती.

लीलाबाईंनी सुनेची माफी मागितली नाही. आपल्याकडच्या सासवांना तो शब्द शिकवलेला नसतो. त्यांनी चहा टाकला, कपबशी घेऊन मागच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "विजू, म्होरं येऊन पी. सगळ्यांत बस."

विजयमाला लगेच आली नाही. उंबऱ्याशी दोनदा थबकली. एका कपानं वर्षाचा अपमान धुऊन निघत नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण ती आली आणि बायकांनी सरकून जागा केली.

दसऱ्याला सोनं वाटताना पोरं भाऊसोला चिडवू लागली, "काय गड्या, शिंगाची फटफटी कुटं हाय? घाबरलास व्हय?"

"आमच्या घरात इचारून करत्यात," भाऊसो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघाला.

वाचकहो, आपण सगळे देवभोळे आहोत, त्याची मला लाज नाही. लाज याची वाटते, की दगडाच्या देवाला बोलतं करायला आपण पाकळ्या चिकटवतो, आणि आपल्याच चुलीपुढं बसलेल्या जित्या माणसाला मुकं करून ठेवतो. विधवेच्या पायात दोष नसतो. तिच्याकडं बघणाऱ्या आपल्या डोळ्यांत असतो. जिच्या जिवाशी गोष्ट आहे, तिला आधी विचारा. मग हवं तर देवाला विचारा. त्याला थांबायची सवय आहे.