मोटारीतला आख

आमच्या मोटारीच्या मागच्या एक्सलात जो दांडा होता, तो मोटारीचा नव्हताच. माझ्या बापाच्या बैलगाडीचा लोखंडी आख होता तो. हे ठावं होतं तिघांना. मालकाला म्हंजी माझ्या नवऱ्याला, ज्यानं ठोकून बसवला त्या घिसाड्याला, आन् मला. ते दोघं मेले. राहिले मी.

पोलीस अ‍ॅक्शन झाली तवा मालक एका जहागीरदाराचे डायव्हर. जहागीरदार रातोरात हैदराबादेला गेला, मोटार शेंद्र्याला आमच्या दारात राहिली. त्याच साली नाल्यात दगडावर आपटून तिचा दांडा मोडला. बापानं मला लग्नात दिलेली बैलगाडी मालकांनी मोडली, घिसाड्यानं आख तापवला, भाता मी मारला. पुढं जन्मभर मालक सांगत फिरले, "नवाबी मोटार हाय, खिळा बी बदलला नाय." मी मान हलवायची. नवऱ्याचा शब्द बाईनं खाली पडू देऊ नये.

मला दोन लेक. थोरला बन्सी मोटार वरातीला न्यायचा. शहरात क्रांती चौकात नवरदेवासकट मागचं चाक जाम झालं, बँडवाले पोट धरून हसले. तवापासून त्याचं एकच, जुना एक्सल कापायचा आन् जीपचा बसवायचा. धाकटा बद्रीनाथ कंपनीत कामाला. त्याचं बी एकच, बापानं, आप्पांनी जपलेल्या लोखंडाला हात लावला तर हात ऱ्हाणार नाय.

खंडेनवमीला आमच्यात लोखंडाला विसावा. नांगर, कोयता, मोटार, सगळ्याची पूजा, काम कशालाच नाय. बन्सीनं हिशेब केला की आज बद्री हत्यार उचलणार नाय. त्यानं मोटार मागून दगडांवर चढवली, चाकं काढली, गॅस कटर पेटवला. बद्री पूजेवरून उठला तो कुंकू लावलेला कोयता घेऊनच.

"भाऊ, ठिव ते खाली."

"आज हत्यार उचलत नसतेत, येड्या."

"मंग तू काय उदबत्ती लावलीस व्हय?"

कोयता बसला. बन्सीचा कान अर्धा लोंबला. त्यानं चाकं काढायची लोखंडी टॉमी उचलून बद्रीच्या बरगड्या फोडल्या. बन्सीची बायको आशाबाई मधी पडली, तिचे दोन दात मातीत गेले. बद्री रक्त थुंकत मोटारीखाली शिरला आन् एक्सलाला मिठी मारून पडला.

"काप आता. मला बी काप."

मी ओट्यावर बसलेली. तोंड उघडलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण कुंपणाला गाव जमलेलं. गावापुढं नवऱ्याला लबाड म्हणायला माझी जीभ उचलंना.

बन्सीनं दगडाला लाथ घातली. मोटार खाली बसली. बद्रीची नडगी ऊस मोडल्यावानी मोडली. बद्री वरडला, पण मिठी सोडली नाय. आन् बन्सी कटर घेऊन वाकला.

तवा मी उठले. पडलेली टॉमी घेऊन थोरल्याच्या मनगटावर घातली. कटर सुटंना म्हणून दुसऱ्यांदा घातली. हाड गेलं, मग सुटला.

"कशापायी मरता रे," मी म्हणलं. "त्यो दांडा माझ्या बापाच्या बैलगाडीचा आख हाय. तुमचा बाप खोटं बोलला. मी बी बोलले."

कुंपणावरून शेजारची साळूबाई म्हणाली, "आन् आमाला पन्नास वर्सं नवाबी म्हणून शिवू बी दिली नाय."

मोटारीखालून बद्री म्हणाला, "आई, गप. बापाला नंगा करतीस का."

चौघांनी बांबू घालून मोटार उचलली. दवाखान्यात बद्रीचा पाय गुडघ्याखाली काढला. बन्सी मनगट बांधून बाहेर पायरीवर बसला, आत यायची छाती नव्हती.

मी बद्रीला सांगितलं, आख काढून घेतला, जीपचा एक्सल बसवायला लावलाय.

पायाचं त्यानं सोडूनच दिलं. म्हणला, "गावात एवढं म्हण, की भेदरून खोटं बोलले."

"नाय म्हणणार."

"आप्पांसाठी म्हण."

"त्यांच्यासाठी पन्नास वर्सं म्हणले."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्याला घरी आणल्याला दोन महिने झाले. भाकरी आशाबाईच्या हातची खातो. मी ताट नेलं तर जेवलो म्हणतो.