सोनंच असू दे

आमच्या पूर्व ऑरेगनमध्ये दर चार घरांमागे एक माणूस निळ्या बादलीची खाण शोधत असतो. बैलगाड्यांच्या काळात वाट चुकलेल्या एका तांड्यातल्या पोरांनी म्हणे ओढ्यातले पिवळे खडे खेळायला म्हणून निळ्या बादलीत भरले. ते सोनं होतं हे मोठ्यांना कळेपर्यंत ओढा कुठला हेच कुणाला आठवेना. आमच्या घरातले शोधणारे म्हणजे माझे सासरे, ऑर्व्हल.

मी कॉलेजात पर्यावरण शिकलेली. लग्न करून आले तशी शिस्त लावली. यंत्र नाही, फक्त फावडं आणि रेती धुवायची थाळी. खणलेला खड्डा निघताना बुजवायचा. ट्राउट मासे अंडी घालतात तिथल्या रेतीला हात लावायचा नाही. आणि थाळीच्या तळाशी सोन्याऐवजी शिसं येतं, बंदुकीचे छर्रे, गळाची वजनं, ते पाण्यात परत टाकायचं नाही. मी ते वेचून घरी आणायची.

"पोरी, लोक ओढ्यातून सोनं नेतात, तू भंगार नेतेस," ऑर्व्हल म्हणायचे.

"विष आहे ते!" मी म्हणायची.

त्या शनिवारी हे विष मी बरणीच्या झाकणात काढून खडकावर ठेवलं होतं. शेजारी ऑर्व्हलची थाळी. मध्ये माझी दोन वर्षांची लेक विला. सापासाठी उंच बूट, उन्हासाठी टोपी, घोटाभर पाण्यासाठी फुगवलेलं जाकीट. एवढी तयारी करून मी तिच्या नाकाला लावायचं मलम शोधायला वळले. परत बघते तर ती काहीतरी गिळत होती.

"काय खाल्लंस? यातलं की यातलं?"

तिने खुशीत दोन्हीकडे बोट दाखवलं.

ऑर्व्हल थाळीवर ओणवले. "इथे मसुरीएवढा पिवळा दाणा होता. निदान मला तसं वाटलं."

"वाटलं म्हणजे?"

"मला उभा जन्म तसं वाटतंच आहे गं."

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. "धातूचा दाणा आहे. पोटातून पुढे सरकलाय, हे चांगलं झालं."

"सोनं की शिसं?"

"इथे दोन्ही पांढरंच दिसतं. सोनं असेल तर काहीच नाही. शिसं असेल तर रक्तात उतरू शकतं. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवते. तोवर डायपर बघत राहा."

मी बघत राहिले. नुसतं बघून भागेना म्हणून मोरीत ऑर्व्हलची थाळी घेऊन बसले.

"तिरकी धर," ऑर्व्हल दारातून म्हणाले. "घाई करू नकोस. जड असतं ते तळाशी बसतं."

"खड्डा बुजवून ये हं," माझा नवरा नाक दाबून म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप विलाला, पोट लवकर साफ व्हावं म्हणून, आलुबुखारे भरवायला गेला.

या मुलुखात सोन्यासाठी गुडघे टेकलेल्यांची कमी नाही. पण डायपरपुढे हात जोडून 'सोनंच असू दे' म्हणणारी मी पहिलीच असेन. ते मिळावं अशी माझी इच्छाच नव्हती. फक्त ते शिसं नसावं.

सोमवारी थाळीत टिंग वाजलं. मी दाणा धुतला, उकळला, पुन्हा उकळला, तरी बघायचा धीर होईना. ऑर्व्हलनी खिशातल्या चाकूने त्याला चरा पाडला.

"आतूनही पिवळं," ते हळूच म्हणाले. आणि मी ओरडायच्या आत, सवयीने, त्यांनी तो दाढेखाली धरून चावला. "सोनं आहे! अस्सल!"

मी मोरीच्या फरशीवर बसून ढसाढसा रडले.

ऑर्व्हल गोंधळले. खांद्यावर थोपटत म्हणाले, "रडू नकोस पोरी. तुझा वाटा आहेच की यात."

 विला माझ्या मांडीत येऊन बसली आणि चिकट हातांनी माझे डोळे पुसायला लागली. त्या हातांना काय लागलंय, हे मी विचारलंसुद्धा नाही.