दुप्पट फंडाची सुनावणी

सुनावणीत बोलण्यासाठी नाव आमच्या हिनं नोंदवलं होतं. नंतर ती अचानक आजारी पडली आणि दवाखान्यातून घरी आलीच नाही. वारस म्हणून तिच्या जागी मला बोलता येईल असं सुनावणी घेणाऱ्या खात्यानं कळवलं, म्हणून मी गेलो. तिचा विरोध नोंदीवर यावा, एवढंच मला हवं होतं.

विरोध कशाला, ते सांगतो. बाजारात दुप्पट फंड म्हणून एक प्रकार आहे. दिवसभरात बाजार एक टक्का चढला तर हा दोन टक्के चढतो, पडला तर दोन टक्के पडतो. बाजारावर देखरेख करणाऱ्या खात्याचं म्हणणं असं की सामान्य माणूस यात बुडतो. म्हणून ज्याच्या नावावर घर किंवा तेवढी मालमत्ता आहे त्यालाच हा फंड घेता येईल, बाकीच्यांना बंदी, असा नियम ते आणत होते.

ही बेकरीच्या गल्ल्यावर बसायची. मी लिफ्ट दुरुस्त करतो. घर माझ्या नावावर. हिच्या नावावर साधी सायकलसुद्धा नव्हती. पण फंड कळायचा तो हिलाच. माझ्या मेहुणीला तिनं शिकवलं, गाडी शिकवणाऱ्या शेजाऱ्यालाही शिकवलं. त्या शेजाऱ्याला सगळे क्लच म्हणतात. "हा क्रीमचा केक आहे," ती त्यांना सांगायची. "सकाळी घ्या, बाजार बंद व्हायच्या आत विका. ठेवून दिलात की नासला." मी शेजारी बसून चहा प्यायचो.

शेवटच्या दिवशी तिनं सकाळी फंड घेतला आणि दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. विकायचा राहिला. पुढे तो माझ्या खात्यात आला. तिनं घेतलेली ती शेवटची वस्तू, म्हणून मी हात लावला नाही.

क्लचच्या शिकवणीच्या गाडीतून निघालो. मेहुणी मागे बसली. वाटभर दोघांनी माझी उजळणी घेतली.

"काका, तिथे विचारणार, फंड चालतो कसा. काय सांगाल?" क्लचनं विचारलं.

"हिशोब रोज नव्यानं सुरू होतो," मी म्हणालो. "बाजार पडून पुन्हा जुन्या जागी आला, तरी फंड जुन्या जागी येत नाही."

"का येत नाही, भाऊजी?" मेहुणीनं विचारलं.

"बाजार शंभराचा नव्वद झाला की फंडाचे ऐंशी उरतात. बाजार अकरा टक्के चढून पुन्हा शंभर होतो, फंड बावीस टक्के चढतो, पण ऐंशीवर, म्हणून शंभराला पोचत नाही."

"ताईच बोलली असं वाटलं," ती म्हणाली.

"काका, तेवढा ब्रेकवरचा पाय काढा," क्लच म्हणाला. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या माणसालाही ब्रेक असतो. "मागचा ट्रकवाला केव्हाचा माझ्या आईवडिलांची आठवण काढतोय."

हॉलमध्ये आमच्यासारखे बरेच जण होते. माझ्या आधीचा माणूस तावातावानं बोलत होता. "माझा पैसा आहे, मी विहिरीत टाकीन."

"टाका," टेबलापलीकडच्या अधिकारी बाई म्हणाल्या. "मग दोरी मागायला आमच्याकडे येऊ नका." लोक हसले.

माझं नाव आलं. बाईंनी कागद पाहिला, आवाज खाली आणला. "हा विरोध तुमचा की तुमच्या पत्नीचा?"

"तिचा."

"गेलेल्या माणसाचा विरोध नोंदवता येत नाही. तुमचा म्हणून लिहावा लागेल. फंड आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"कसा चालतो, सांगा."

मी न अडखळता सांगितलं. बाई टाइप करणाऱ्याला म्हणाल्या, "जाणकार गुंतवणूकदार, असं लिहा." मागे क्लचनं अंगठा वर केला. आता मी खाली बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला बसवेना. ते जाणकारपण तिचं होतं आणि नोंदीवर माझ्या नावानं जात होतं.

"बाई, ते खोडा," मी म्हणालो. "हे मी पाठ केलंय. कधी घ्यावा, कधी सोडावा, मला काही कळत नाही. ती गेल्यापासून फंड पडून आहे. बाजार खाली-वर होऊन होता तिथेच आलाय, माझा फंड बराच खाली बसलाय."

क्लचनं कपाळावर हात मारून घेतला.

"मग आमचा नियम बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे."

"मला कुठे अडवतोय तो? घर माझ्या नावावर आहे. मी उद्या आणखी घेऊ शकतो. तो अडवणार होता तिला. आणि कळत होतं तिलाच."

बाईंनी नियमाचा मसुदा पुढे ओढला आणि वाचला. मी बोलत राहिलो.

"माणसाला विचारायचं तर कळतं का ते विचारा. परीक्षा घ्या. ती पास झाली असती, मी नापास झालो असतो. तुम्ही विचारताय घर आहे का. म्हणून विरोध."

"म्हणजे मर्यादा हवी, पण ही नको?"

"मर्यादा हवी का ते मला सांगता येणार नाही. तिला कसलीच नको होती. घराची नको, एवढं मी माझ्या तोंडानं सांगतो."

"पत्नी काय करायच्या?"

"बेकरीत गल्ल्यावर होती."

बाईंनी सांगितलं ते टाइप करणाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात होतं, की दिवंगत पत्नी बेकरीत नोकरीस होती, फंडाची जाणकार होती, आणि या नियमाने अपात्र ठरली असती. मी सही केली.

जिन्यात क्लचनं गाठलं. "वा काका. आम्ही बंदी अडवायला आलो, तुम्ही परीक्षा लावून घेतलीत. दहावीला मी तीनदा बसलोय."

"तुला तिनं शिकवलंय. होशील पास."

मेहुणी म्हणाली, "ताई चिडली असती, भाऊजी."

"चिडली असती. दोन दिवस बोलली नसती." मी फोन तिच्यापुढे धरला. "हा फंड विकतात कसा, दाखव."

"आत्ता? जरा भाव वर येऊ दे."

"येईल?"

"ते कुणाला सांगता येतं?"

"मग मी कशाच्या भरवशावर थांबू? आताच सगळ्यांसमोर सांगून आलोय, मला कळत नाही म्हणून."

तिनं फोनवर पान उघडून दिलं. बटण तुम्हीच दाबा, म्हणाली. माणसं वर-खाली करत होती, आम्ही भिंतीला सरकून उभे राहिलो. मी दाबलं. थोड्या वेळानं, विकला, असं आलं.

"बरं वाटतंय ना?" मेहुणीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.