तळघरातला लोखंडी जावई

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे आणि माझ्या पोटाला तडा गेला आहे. ओहायोतल्या एका शेतावर, गोठ्यामागच्या कुंपणाशी मला आडवे टाकले आहे. भंगारवाल्याची गाडी येईल तेव्हा मी जाईन. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचे आहे, कारण ज्या दिवशी बोलायला हवे होते त्या दिवशी मला बोलता आले नाही.

वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. तरुणपणी मी शहरातल्या एका शाळेच्या खोल्या तापवत राबलो. पुढे शाळेत विजेचे यंत्र आले आणि मी अडगळ झालो. तेव्हा एनस डेटवायलर नावाच्या शेतकऱ्याने मला घोडागाडीत घालून आपल्या तळघरात आणून बसवले.

आम्ही आमिश मंडळी धर्माच्या नेमाने जुन्या, साध्या रीतीने राहतो. आमच्या घरात वीज नसते, आणि मला ती लागतही नाही. माझ्या पोटात लाकडे घाला. पाणी तापले की हलके होते, चढत्या पाइपातून आपल्या पायांनी वर जाते आणि खोल्याखोल्यांत भिंतीलगत उभ्या लोखंडी रेडिएटरांना ऊब देते. गार होऊन जड झाले की दुसऱ्या पाइपाने माझ्याकडे परत येते. पंप नाही की बटण नाही. अट एकच: पाइपाचा चढ कुठेही मोडता कामा नये. घरात नवे यंत्र आणायचे तर धर्मगुरूंना विचारावे लागते; आमच्या बिशप अॅटलींनी खाली येऊन मला नीट पाहिले आणि परवानगी दिली.

एनसची आई सलोमा मात्र धुसफुसत होती. माझ्यापायी तिची लाकडाची चूल स्वयंपाकघरातून गेली होती.

"आला बाई लोखंडी जावई! दिवसभर खातो, तोंडातून शब्द काढत नाही आणि जागचा हलत नाही."

"आई, निदान रुसत तरी नाही," एनस हसून म्हणायचा.

"रुसेल, रुसेल. जावई आहे तो."

पण पहिल्याच हिवाळ्यात तिने आपली खुर्ची गुपचूप रेडिएटरला चिकटवली. आल्यागेल्याला ती माझे कौतुक सांगू लागली. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

आमच्यात प्रार्थनेसाठी वेगळी इमारत नसते. एका रविवाराआड सगळी मंडळी कुणाच्या तरी घरी जमतात. गेल्या शरदात एनसची पाळी आली. वर माणसे मावणार नव्हती, म्हणून बाके तळघरात मांडली. बिशप अॅटली ताडमाड उंच. आदल्या दिवशी ते जागा पाहायला आले आणि माझ्या पाइपावर त्यांचे डोके आपटले.

"राहू दे रे, मी वाकेन की," ते कपाळ चोळत म्हणाले. "मला वाकायची सवय आहे."

"छे छे! अख्खा उपदेश वाकून करणार होय? माझ्या घरी तुमच्या कपाळाला टेंगूळ आलं, तर लोक मला जगू देतील का?"

एनसने पाइपाच्या टांगण्या सैल केल्या, घोड्याच्या साजातला एक पट्टा घेतला आणि पाइप मधोमध वर उचलून तुळईला बांधून टाकला. बिशपांचे डोके वाचले, पण पाइपाला कुबड आले. पाण्यातली हवा वर चढते, आणि कुबडात शिरली की तिथेच ठाण मांडून बसते.

रविवार छान पार पडला. नंतरचे दिवस उबदार होते, माझ्यात जेमतेम जाळ असायचा. पट्टा सोडायचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. आणि हवा थोडी थोडी साठत गेली.

मग उत्तरेच्या मोठ्या सरोवराकडून हिमवादळ आले. रस्ते बुजले. त्यातच एनसच्या बायकोला, व्हर्नाला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. सुईण वाटेत अडकली. सलोमानेच बाळंतपण केले. दोन तळहातांत मावेल एवढीशी मुलगी झाली.

एनस धावत खाली आला आणि माझ्यात लाकडे कोंबू लागला. माझे पाणी उकळायला लागले, पण वर जाणार कुठून? कुबडापाशी वाट बंद होती. पाइपांतून मला वरचे सगळे ऐकू येते. पोरीचे रडणे आधी मांजराच्या पिलासारखे होते, मग ते तुटक झाले. माझ्या पोटात एवढी आग, आणि तिच्या खोलीतला रेडिएटर दगडासारखा गार! मी आतून धडाधड ठोके देऊ लागलो. एनसला वाटले, जाळ कमी पडतोय. त्याने आणखी लाकडे घातली.

"अरे, पेट ना! पेट!" तो माझ्यावर ओरडत होता, आणि रडत होता.

पोरीला माझ्यापाशी आणावे, तर तळघराचा जिना बाहेर अंगणातून उतरतो. त्या वाऱ्यात तिला बाहेर काढणे म्हणजे तिला मारणेच होते.

तेवढ्यात सलोमा बर्फातून वाट काढत खाली आली. तिच्या हातात बाळाची फडकी होती. ती गरम करायला तिने पाइपावर ओळीने टाकली, आणि जरा वेळाने उचलायला गेली तशी थबकली.

"एनस, इकडे ये. इथं हात लाव."

"चटका बसतोय, आई."

"आता पट्ट्याच्या पलीकडे लाव."

एनसने हात लावला. तिथे पाइप बर्फासारखा गार होता. त्याने खिशातला चाकू काढला, पण पट्ट्याशी जाऊन थांबला.

"आई, हा आत उकळतोय. वरचं गार पाणी एकदम खाली आलं तर तडकेल. मग काहीच उरणार नाही."

"आणि नाही आलं तर वर कोण उरणार आहे? पोरीचे ओठ निळे पडलेत. काप!"

मित्रांनो, मला भीती वाटली. खोटे कशाला सांगू? पट्टा तुटला, पाइप धाडकन खाली आला, अडलेली हवा गुडगुडत वर पळाली. माझे कढत पाणी वर धावले आणि घरभरचे गार पाणी माझ्या तापलेल्या पोटात शिरले. मागच्या बाजूने मी तडकलो. पाणी फिस्सकन आगीवर गळू लागले. मी फक्त एवढेच म्हणत होतो, आत्ताच नको, थोडे थांब.

मी फुटलो नाही. गळत गळत तापत राहिलो. एनस माळ्यावरच्या, माझ्या पाइपांत पाणी भरणाऱ्या टाकीत बादल्यांनी पाणी ओतत राहिला. आणि पाइपातून मला ते ऐकू आले: पोर जोरात, रागावून रडत होती.

शेजारी बर्फावरून घसरगाड्या घेऊन पोचले आणि त्यांनी मायलेकींना गोधड्यांत गुंडाळून, जिथे अजून लाकडाची चूल होती अशा घरी नेले. पोर जगली. मला मात्र कुणी सांधू शकले नाही. मला बाहेर ओढताना एनसने माझ्या तड्यावर हात ठेवला.

त्याच्यावर माझा राग नाही. त्या दिवशी माझे ठोके ऐकणारा तो एकटाच होता, आणि जीव तोडून तो मला आणखी लाकडेच घालत होता. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी ना कुणी मुके असेल. ते असे आतून ठोठावू लागले, तर हातातले लाकूड आधी खाली ठेवा आणि ते कुठे अडले आहे ते हात लावून पाहा.