उजव्या स्टँडवरची काच

दोन वर्षं माझी ताई दर रविवारी आमच्या वडिलांची, अण्णांची गाडी वॅक्स लावून घासत होती. गाडी लाल. अण्णांचा धंदाच गाड्या रंगवायचा, आणि त्यांनी आयुष्यात शेवटची रंगवली ती ही. आता तिचा टप गुलाबी पडला, बॉनेटवर पांढरे चट्टे आले. दरवाजे तेवढे लाल राहिले होते.

वॅक्सवाल्याने सांगितलेलं, "हे लावा आणि कव्हर फेका. उन्हातले यूव्ही किरण आत शिरणारच नाहीत." आमच्या ताईसाहेबांनी खरंच फेकलं. तक्रार घेऊन गेली तर हा म्हणतो, "मॅडम, माल चोख आहे. तुमचा हात नीट फिरला नसेल."

आणि ताईला ते पटलं! घरी येऊन स्वतःचे हात बघत बसली. "अण्णांचा रंग मीच घालवला रे."

माझं टाळकंच सरकलं. त्याच्या दुकानात गेलो. बघतो तर टेस्ट चाललेली. दोन स्टँड, दोन काचा. उजव्या काचेला वॅक्स लावायचं, यूव्ही टॉर्च मारायचा. डाव्या काचेमागचा कागद निळा चमकतो, उजव्यामागचा काळोखात. लोक खूश, डबे हातात.

पण मी पंचवीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवतोय. कड बघितली आणि कळलं. डावी काच दरवाजाची, साधी. उजवी विंडस्क्रीनमधून कापलेली, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. किरण तो पापुद्राच गिळतो. वॅक्सऐवजी लोणी फासलं असतं तरी कागद काळाच राहिला असता!

शनिवारी ताईला अण्णांच्याच गाडीतून घेऊन गेलो. वॅक्सवाला माइकची वायर सोडवायला वळला, तेवढ्यात मी काचांची अदलाबदल केली आणि साळसूदासारखा हाताची घडी घालून उभा राहिलो.

"दादा, आज जरा जास्त लावा," मी म्हटलं. "आमच्या ताईला हात कसा फिरवायचा ते शिकायचंय."

त्याने मनापासून घासलं. गोल गोल, दोनदा. टॉर्च मारला. वॅक्सवाल्या काचेमागचा कागद ट्यूबलाइटसारखा पेटला. कोऱ्या काचेमागे मिट्ट काळोख.

"ह्यात कायतरी गडबड आहे..."

"आहे ना! हात नीट फिरला नसेल तुमचा!"

दुकान हसायला लागलं. मी दोन्ही काचा उचलून सगळ्यांना कडा दाखवल्या. हातातले डबे पटापट काउंटरवर परत आले.

ताई मात्र हसली नाही. सरळ त्याच्यासमोर गेली.

"हात कुणाचा चुकला?"

"ताई, मी फुकटात रंगवून देतो गाडी..."

"तू? अण्णांच्या रंगावर तू हात मारणार?"

तिने भिंतीवरचा भला मोठा फ्लेक्स ओरबाडून काढला. त्यावर लिहिलेलं, 'कव्हरला करा टाटा!'

बाहेर आम्ही तो गाडीवर पसरला, अक्षरं आतल्या बाजूला. ताईने आधी लाल उरलेले दरवाजे झाकले.